प्रदूषणाच्या वाक्यातला कर्ता

पदवीच्या वर्गांना पर्यावरण हा विषय सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तसा आदेश दिला आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी अभ्यासक्रम आखून दिला. आमच्या महाविद्यालयात या विषयाला वेगळा प्राध्यापक नाही. मराठीचा कार्यभार कमी पडतो, म्हणून तो माझ्या गळ्यात आला. दरवर्षी प्रकल्पवह्यांचा ढीग माझ्या टेबलावर येऊन पडतो. बहुतेक वह्यांवर मथळा एकच : 'पर्यावरण प्रदूषण व त्याचे नियंत्रण'. आतला मजकूरही एकाच मुशीतला, बाजारातल्या गाईडातून उतरवलेला.

या मजकुराची समीक्षा करावी असे मला बरेच दिवस वाटत होते. गाईडाची कसली समीक्षा, असे आमचे विद्वान मित्र म्हणतील. परंतु प्रदूषणाविषयी आमच्या मुलांच्या हाती पडणारे मराठी गद्य हेच आहे. कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती खपताना मारामार होते. हे गद्य मुले वर्षानुवर्षे हाताने लिहून काढतात. ज्या वाङ्मयाची अशी पारायणे होतात त्याची भाषा तपासणे हे मराठीच्या शिक्षकाचे कामच आहे.

या भाषेचा पहिला विशेष असा की तीत कर्ता नसतो. 'सांडपाणी नदीत सोडले जाते.' 'कचरा गोळा केला जातो.' 'गटारे वेळोवेळी साफ केली जातात.' व्याकरणात या रचनेला नवीन कर्मणी म्हणतात. इंग्रजीच्या वळणाने ती आपल्याकडे रुळली. सोडतो कोण? गोळा करतो कोण? साफ करणारा हात कोणाचा? वाक्य उत्तर देत नाही, आणि ते इतके गुळगुळीत असते की विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही. एका टोकाला घाण सोडणारे कारखाने आणि नगरपालिका लपतात, दुसऱ्या टोकाला ती उपसणारा माणूस लपतो. पहिल्याला ते लपणे फायद्याचे आहे.

मुलांना सर्वांत अवघड जाणारा भाग बी.ओ.डी.चा. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना जेवढा ऑक्सिजन लागतो, ते हे माप. नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम. घाण वाढली की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि गाईडातले पुढचे वाक्य ठरलेले असते : 'त्यामुळे मासे मरतात.' बरोबर आहे, मासे मरतात. प्रकरण तिथेच संपते. रसायनशास्त्र मात्र तिथे थांबत नाही. ऑक्सिजन संपल्यावर हवेविना जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि सांडपाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. बंद चेंबरमध्ये, मैल्याच्या टाकीत तो साचून राहतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. आत उतरलेल्या माणसाला वाटते, चला, घाण निघून गेली. आणखी वाढला की काही श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. अशा बातम्यांत कित्येकदा दोन-तीन नावे एकत्र येतात ती यामुळे. माशांना मारणारी घाण आणि माणसांना मारणारी घाण एकच, कुजण्याची क्रिया एकच. गाईडात मासे आले, माणूस आला नाही.

माझे वडील एका नगरपालिकेत गटारकामगार होते. चेंबरचे झाकण उघडले की ते बराच वेळ लांब जाऊन बसत. मुकादमाला तो आळस वाटे. त्यावरून त्यांना शिव्या खाव्या लागल्या, एकदोनदा खाडेही पडले. आत झुरळे हलताना दिसली तरच ते उतरत. बी.ओ.डी. हा शब्द त्यांनी कधी ऐकला नाही. मी एम.ए. झालो तेव्हा ते निवृत्तीला आले होते, आणि मी काय शिकवणार हे विचारताना 'वरचं काम आहे ना?' एवढेच त्यांनी विचारले. वरचे म्हणजे जमिनीच्या वरचे.

आता वाङ्मयाकडे वळू. जलप्रदूषण रोखण्याचा कायदा महाराष्ट्राने १९६९ साली केला, १९७० साली त्यासाठी मंडळ स्थापन झाले; केंद्राचा कायदा १९७४ चा. या दोन कायद्यांच्या मध्ये, १९७२ साली, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याच वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली होती. या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिलेल्या माझ्या वाचनात नाहीत. 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. पांढरपेशा जगाची हद्द संपते तिथून हे जग सुरू होते, अशा आशयाचे त्यांनी तीत म्हटले. ते प्रामाणिक होते. परंतु प्रस्थापित समीक्षेने त्या जगातल्या घाणीचा प्रश्न भाषेच्या सभ्यतेवर नेला. श्लील काय, अश्लील काय, बीभत्स रस मानायचा की नाही. एका शहरातली ठरावीक वस्ती कोणत्या पाण्यात, कोणत्या हवेत जगते याची ही साक्ष आहे, असे म्हणायला कोणी पुढे आले नाही. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) मी आवडीने शिकवतो. त्याच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते समीक्षेने केलेल्या वाटणीशी. फुले, पाखरे, ऋतू हा निसर्ग, आणि नाला, उकिरडा हे समाजवास्तव. नदी निसर्गकवितेत जाते, तिला मिळणारा नाला दलित कवितेत. पाणी एकच असते.

आणि आपण तरी काय केले? आपल्या समीक्षेनेही गटार हे व्यवस्थेचे प्रतीक, उकिरडा हे बहिष्कृत जिण्याचे प्रतीक, असे सांगून विषय मिटवला. प्रतीक म्हटले की गटार गटार राहत नाही. त्यातून काय वाहते, कोणत्या इमारतींतून येते, कोणत्या वस्तीपाशी येऊन ते उघडे पडते, हे विचारण्याची गरजच उरत नाही. एम.ए.ला अशी प्रतीकांची उत्तरे लिहून मी स्वतः चांगले गुण मिळवले आहेत.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईच्या कावाखान्यातल्या बाया रस्तोरस्ती हिंडून चिंध्या, कागद, काचा, लोखंड गोळा करतात, ते निवडून वेगवेगळे करतात आणि विकतात. वर्गात हा भाग दारिद्र्याचे चित्रण म्हणून शिकवला जातो. तो कचऱ्याच्या वर्गीकरणाचा धडा म्हणून कोणी शिकवीत नाही. घनकचऱ्याचे नियम देशात २००० साली झाले, आणि कचरावेचकांची दखल घेऊन वर्गीकरणाचे काम घराघरावर टाकणारे नियम २०१६ साली. सरकारला जे इतक्या उशिरा सुचले ते या बाया पोटासाठी आधीपासून करीत होत्या. म्हणून त्यांना 'पर्यावरणरक्षक' ही पदवी देऊन मोकळे व्हावे असे मात्र मी म्हणणार नाही. हार घालायचा आणि डोक्यावरची टोपली तशीच ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

'प्रदूषण' हा शब्द नवा असला तरी ज्या समाजाने तो घेतला त्याच्याकडे 'विटाळ' हा शब्द आधीच होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, हजारो लोक प्याले. नंतर महाडच्या सवर्णांनी दूध, दही, शेण, गोमूत्र यांच्या १०८ घागरी तळ्यात रिकाम्या करून ते 'शुद्ध' करून घेतले. आता गाईडातलेच माप लावून पाहू. दुधाचा बी.ओ.डी. लिटरमागे एक लाख मिलिग्रॅमच्या आसपास असतो, शेणाचाही भार मोठाच. म्हणजे माणसांनी पाणी प्याल्याने तळ्याचे काही बिघडले नाही. शास्त्राच्या हिशेबाने तळे घाण केले ते शुद्धीकरणाने. उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागायला १९३७ साल उजाडले. आज महाडजवळ रासायनिक कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत आहे, आणि सावित्रीच्या पाण्याविषयीच्या तक्रारी जुन्या आहेत. आमच्या अभ्यासक्रमात सत्याग्रहाच्या धड्यात कारखाने येत नाहीत आणि प्रदूषणाच्या धड्यात चवदार तळे येत नाही.

राहिला उपायांचा भाग. गाईडात झाडे लावणे, जनजागृती करणे आणि प्लॅस्टिक टाळणे एवढे असते. वाईट काहीच नाही. परंतु सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय सोडायचे नाही, संमतीपत्रातल्या अटी मोजून पाहायच्या, नुकसानीचा खर्च प्रदूषकाकडून वसूल करायचा (हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केले आहे), हे दोन ओळींत आटोपते. आणि गटारात माणूस उतरवायचा नाही, त्यासाठी शोषण व दाबाच्या पाण्याची यंत्रे घ्यायची, हा प्रदूषण-नियंत्रणाचा उपाय म्हणून मी एकाही वहीत वाचला नव्हता. कायद्याचीही कथा पाहण्यासारखी आहे. हाताने मैला काढण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ चा कायदा झाला, मग २०१३ चा. दुसऱ्या कायद्यात गटार व टाकी यांची 'धोकादायक सफाई' गुन्हा ठरली, पण तिची व्याख्या अशी की मालकाने संरक्षक साधने आणि सुरक्षिततेची काळजी न पुरवता करून घेतलेली सफाई ती धोकादायक. साधने दिली असे कागदावर दाखवले की माणूस उतरवायला वाट राहिली. गटारात मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला १० लाख द्यावेत असा निकाल २०१४ मध्ये लागला; २०२३ मध्ये न्यायालयाने ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचा अर्थ मरणे थांबले नव्हते.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती माझ्याविरुद्ध जाते. मागे एका मुलीच्या वहीत, गाईडातल्या परिच्छेदांच्या मध्येच, एक वाक्य आले होते : 'आमच्या भागातील गटार माझे काका आत उतरून साफ करतात.' मी त्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'विषयांतर. वैयक्तिक उल्लेख टाळावा.' दोन गुण कापले. माझ्या वडिलांचा मुलगा असून मी हे केले. तिने वही उचलली, काही बोलली नाही. त्या सबंध ढिगाऱ्यात कर्ता असलेले वाक्य तेवढे एकच होते, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले.

त्यानंतर मी वर्गात नियम केला : प्रत्येक वाक्यात कोण, हे आलेच पाहिजे. काही मुलांनी विभागप्रमुखांकडे तक्रार केली की गाईडात असे नाही. काहींनी मात्र वस्तीत जाऊन विचारून आणले. एकाने तर नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन सफाईचे कंत्राट कोणाकडे आहे ते विचारले आणि तिथल्या कारकुनाचे बोलणे खाऊन परत आला. त्या मुलीची वही मी पुन्हा मागवली होती. ती रद्दीत गेली होती.