पोथीची प्रतिमा आणि सूचीकाराची दृष्टी

मध्ययुगीन मराठी हस्तलिखितांचे अंकीकरण करून ती अभ्यासकांना मुक्तपणे उपलब्ध करून द्यावीत, याविषयी आज फारसा मतभेद नाही. राष्ट्रीय पांडुलिपी मिशनची स्थापना २००३ मध्ये झाली; २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ‘ज्ञानभारतम्’ मोहिमेने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हे लक्ष्य ठरविले. मात्र नोंदणी कशाची करावयाची, ग्रंथाची की पोथीची, हा प्रश्न शिल्लक राहतो. वरवर तांत्रिक वाटणारा हा प्रश्न वस्तुतः पाठचिकित्सेचा, आणि म्हणूनच समीक्षेचा आहे. मराठवाड्यातील सामग्रीच्या संदर्भात तो अधिक स्पष्ट होतो.

अंकीकरणाची निकड येथे निराळी सिद्ध करावी लागत नाही. बीड जिल्ह्यातील पाटांगण येथील पोथीच्या आधारे वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. त्यामुळे तिच्या प्राचीनतेविषयीचा वाद केवळ छापील संहितेतील भाषारूपांच्या बळावर लढविला गेला. कागद, अक्षरवळण, खाडाखोड यांची साक्ष काढण्याचा मार्गच बंद झाला. पोथी हरवली की केवळ एक प्रत हरवत नाही, तर संपादकाच्या निर्णयांची फेरतपासणी करण्याची शक्यताही संपते.

परंतु प्रतिमा जतन केली म्हणजे पोथी वाचनाच्या कक्षेत आली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. लीळाचरित्राचे उदाहरण घ्यावे. म्हाइंभटांची मूळ प्रत परचक्रात नष्ट झाली आणि स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातूनच निरनिराळे पिढीपाठ निर्माण झाले. वि. भि. कोलते यांची १९७८ ची आवृत्ती हाती असतानाही कोणतीही एक पोथी दुसरीची पर्यायी प्रत ठरत नाही. अशा वेळी सूचीत ‘लीळाचरित्र, कर्ता म्हाइंभट’ एवढीच नोंद करणे म्हणजे जे भेद अभ्यासावयाचे, तेच पुसून टाकणे होय.

लिपीचा प्रश्न याहून बिकट आहे. महानुभावांच्या सकळ लिपीत नागरी वर्णांची अदलाबदल केलेली असते. तिची उकल विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे यांनी केली. अशा पोथीची प्रतिमा जगभर खुली झाली, तरी उकल ठाऊक नसलेल्या वाचकाला, आणि यंत्रालाही, ती बंदच राहते. शिवाय ही लिपी मुळात वाचकवर्ग मर्यादित ठेवण्यासाठी योजलेली होती. म्हणून खुलेपणाचा निर्णय घेताना माहूरसारख्या स्थळांच्या परंपरेत पोथ्या जपणाऱ्या मंडळींना केवळ मालक न मानता संहितेच्या इतिहासाचे साक्षीदार मानले पाहिजे. पोथी कोणाकडून कोणाकडे आली, ती कोणत्या प्रसंगी वाचली जाते, ही माहिती त्यांच्याकडेच असते.

अंबाजोगाईच्या दासोपंतांची ‘पासोडी’ तर पृष्ठ या कल्पनेलाच छेद देते. पंचीकरणाचा विषय एका लांबलचक कापडावर मांडलेला आहे. त्याचे तुकडे करून क्रमांक दिले, तर वाचता येईल; परंतु मांडणीतून व्यक्त होणारा विचार निसटेल. येथे लेखनाचे साधन हाच संहितेचा एक भाग आहे.

तात्पर्य, सूची ही संहितेची पहिली समीक्षा होय. तिच्यात प्रत्येक पोथीचा पाठ, लिपी, पुष्पिका, लेखनकार, आकार, बांधणी आणि जतनाचा इतिहास यांची स्वतंत्र नोंद हवी. एकाच बाडातील निरनिराळ्या रचना वेगवेगळ्या ओळखल्या गेल्या पाहिजेत. हे काम छायाचित्रकाराचे किंवा कारकुनाचे नव्हे. नांदेड येथे १९९४ पासून विद्यापीठ आहे आणि ही सामग्री त्याच्या परिसरात आहे. एखाद्या संग्रहाची वर्णनात्मक सूची हा पीएच. डी.चा स्वयंपूर्ण विषय म्हणून मराठी विभागांनी स्वीकारावा, मोडी आणि सकळ या लिपींचे शिक्षण पदव्युत्तर अभ्यासक्रमात द्यावे. अन्यथा प्रतिमांचा साठा वाढत जाईल आणि तो वाचू शकणारी माणसे कमी होत जातील.