अनवाणी पायांचा सिद्धान्त

‘आपला पाय कां दुखतो?’ या साध्या प्रश्नावर ख्रिस्तोफर मॅक्डूगल या अमेरिकन पत्रकारानें ‘बॉर्न टु रन’ हें आपलें पुस्तक उभारिलें आहे. तें २००९ मध्यें प्रसिद्ध झालें व जगभर वाचलें गेलें. मेक्सिकोंतील खोल दऱ्यांत राहणारे ताराहुमारा लोक टायरच्या रबराच्या पातळ चपला घालून कोसच्या कोस धांवतात. शहरी माणूस मात्र महागडे बूट घालूनहि जायबंदी होतो. यावरून ग्रंथकाराचें अनुमान असें कीं, दुखण्याचें मूळ बुटांतच आहे.

कथा म्हणून पुस्तक फार रसाळ आहे. त्या दऱ्यांतील शेवटच्या शर्यतीचें वर्णन वाचतांना आमचाहि श्वास वाढला. परंतु कथेचा रस वेगळा आणि सिद्धान्ताचें बळ वेगळें. ताराहुमारा माणूस लहानपणापासून डोंगर चढतो-उतरतो. शहरी माणूस खुर्चीवरून उठून एकदम धांवूं लागतो. दोघांत दहा गोष्टींचा फरक असतां त्यांतील एक उचलून तिच्यावर सारा दोष ठेवणें हें तर्काला धरून नाहीं.

हार्वर्डचे डॅनियल लीबरमन व त्यांचे सहकारी यांनीं २०१० मध्यें दाखविलें कीं, अनवाणी धांवण्यास सरावलेला माणूस बहुधा चवड्यावर उतरतो व त्यामुळें जमिनीचा पहिला आघात सौम्य होतो. हें निरीक्षण मोलाचें खरें; पण त्यानें दुखापत टळते, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. केनियांतील अनवाणी दासानाच लोक सोयीच्या वेगानें धांवतांना बहुधा टाचेवरच उतरतात, असें २०१३ मध्यें दिसून आलें. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत, पातळ तळाचे बूट वापरूं लागलेल्या कित्येकांच्या पायांच्या हाडांत दहा आठवड्यांतच सूज आढळली. टाचेवरचा भार नाहींसा झाला नाहीं. तो पोटरीवर व चवड्याच्या हाडांवर गेला.

दम थोड्या आठवड्यांत वाढतो. हाडें व कंडरा यांस त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. बहुतेक दुखण्यांचें बीज या अंतरांत आहे. मात्र ‘हळूहळू वाढवा’ हा मंत्रहि सर्वरोगहारी नव्हे. हॉलंडांतील ५३२ नवशिक्यांच्या एका प्रयोगांत (२००८) निम्म्यांस ८ आठवड्यांऐवजीं १३ आठवड्यांचा सावकाश क्रम दिला होता. तरी दोन्ही गटांत सुमारें पांचांत एक जण जायबंदी झालाच. एकच कारण व एकच उपाय शोधणाऱ्यास हा विषय वश होत नाहीं.

आमच्याकडेहि या पुस्तकास साजेशी कथा आहे. १९१९ मध्यें पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे शेतकरी सर दोराबजी टाटा यांनीं पाहिले. पुढच्याच वर्षीं भारतीय खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले आणि बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. मॅक्डूगल यांनीं यांत अनवाणी पायांचा विजय पाहिला असता. आम्हांस त्यांत वर्षानुवर्षांच्या श्रमांचा विजय दिसतो.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. जुन्नर तालुक्यांतील येडगांवासारख्या गांवचा एखादा तरुण पोलीसभरतीची जाहिरात निघतांच १६०० मीटरच्या कसोटीसाठीं पहाटे डांबरी रस्त्यावर धांवूं लागतो, तेव्हां चांगल्या बुटांस त्याच्यापाशीं पैसे नसतात. ‘बूट नकोतच’ हें वाक्य त्यास गोड वाटेल. पण चारसहा आठवड्यांनीं नडगी दुखूं लागली तर कसोटी हुकेल व वर्ष वायां जाईल. जाहिरातीची वाट न पाहतां आधींपासून धांव. नडगीवर बोटाएवढ्या एकाच जागीं दुखूं लागलें तर थांबून वैद्यास दाखव. एकदां दुखावलेला पाय पुन्हां दुखावण्याचा संभव अधिक, हें विसरूं नको, असें त्यास कोणी तरी सांगितलें पाहिजे. या पुस्तकांत अशा नीरस गोष्टींस फारसें स्थान नाहीं. धांवण्याची गोडी लागावी म्हणून तें आमच्या वाचकांनीं अवश्य वाचावें; घरांतील भरतीच्या उमेदवारास मात्र तें देतांना वरील चार शब्दहि सोबत सांगावे.