जसंच्या तसं म्हणजे नेमकं कसं?

लंडनमध्ये २००२ पासून साधारण दर चार वर्षांनी एक परिषद भरत आली आहे. नाव लांबलचक आहे: 'इंटरनॅशनल थिएटर इंजिनिअरिंग अँड आर्किटेक्चर कॉन्फरन्स'. ब्रिटनमधल्या नाट्यतंत्रज्ञांची १९६१ पासूनची संघटना ती भरवते. तिथे नाटकाचे प्रयोग होत नाहीत. वास्तुरचनाकार, इंजिनिअर, ध्वनितज्ज्ञ आणि रंगमंचामागे राबणारी माणसं एका सभागृहात बसतात आणि नाट्यगृह या इमारतीबद्दल बोलतात. मागच्या रांगेतून नटाचे पाय दिसतात का, छताला किती वजन टांगता येतं, धूर कुठून बाहेर पडणार, शंभर वर्षांचं नाट्यगृह दुरुस्त करताना काय राखायचं आणि काय पाडायचं, असे विषय.

आपल्याकडे नाट्यसंमेलनं होतात. तिथे भाषणं होतात, ठराव होतात, नाट्यगृहांच्या दुरवस्थेबद्दल हळहळही व्यक्त होते. पण प्रेक्षागृहाचा उतार किती असावा यावर भांडणारा परिसंवाद मी अजून ऐकलेला नाही. विषय रुक्ष आहे, मान्य. पण ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीनंतर निदान कोल्हापुरात तरी तो कुणाला रुक्ष वाटू नये.

त्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं 'पॅलेस थिएटर', ज्याला पुढे केशवरावांचं नाव मिळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या, छप्पर गेलं. बाहेरच्या दगडी भिंती उभ्या राहिल्या. कलाकार त्या भिंतींसमोर रडले. आणि सगळीकडून एकच मागणी आली: जसंच्या तसं उभं करा.

या मागणीला माझा विरोध नाही. इतक्या लोकांना एखाद्या इमारतीबद्दल इतकं वाटावं, ही दुर्मीळ गोष्ट आहे. माझा प्रश्न एवढाच, की 'जसंच्या तसं' म्हणजे काय? जसं दिसत होतं तसं? जसं ऐकू येत होतं तसं? की जसं पेटलं तसंही?

हा प्रश्न आधी दोन शहरांना पडून गेला आहे. लंडनच्या परिषदेत जमणाऱ्या मंडळींच्या दृष्टीने ही दोन शहरं म्हणजे पाठ्यपुस्तकंच आहेत.

व्हेनिस: आवाजाची नोंद

व्हेनिसच्या ऑपेरागृहाचं नाव 'ला फेनिचे', म्हणजे राखेतून उठणारा फिनिक्स. १७९२ मध्ये ते उघडलं, १८३६ मध्ये जळालं, पुन्हा बांधलं गेलं आणि २९ जानेवारी १९९६ ला पुन्हा जळालं. शेजारचे कालवे सफाईसाठी कोरडे केलेले होते, त्यामुळे आग विझवणाऱ्या बोटींना जवळ जाता आलं नाही. पुढे दोन इलेक्ट्रिशियन दोषी ठरले. काम रखडल्याचा दंड टाळण्यासाठी त्यांनी आग लावली होती.

व्हेनिसकरांचीही घोषणा तीच होती: जिथे होतं तिथे, जसं होतं तसं. २००३ च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा उघडलं. वास्तुरचनाकार आल्दो रॉसी यांच्या आराखड्यावर काम झालं. रॉसी स्वतः ते पाहायला उरले नव्हते. आतली सजावट कशी होती हे ठरवताना लुकिनो व्हिस्कोंती यांच्या 'सेन्सो' या १९५४ च्या चित्रपटातली दृश्यं उपयोगी पडली, कारण त्या चित्रपटाची सुरुवात याच प्रेक्षागृहात घडते.

पण मला थक्क करते ती दुसरीच गोष्ट. आगीच्या जेमतेम दोन महिने आधी आंजेलो फरीना आणि लांबेर्तो त्रोंकीन या इटालियन संशोधकांनी त्या प्रेक्षागृहाचा आवाज मोजून ठेवला होता. म्हणजे कोणत्या जागी बसल्यावर आवाज कसा पोचतो, किती वेळ घुमतो, कोणत्या बाजूने परत येतो, याची नोंद. इमारत गेली तेव्हा तिचा आवाज एका टेपवर शिल्लक होता. नवी वास्तू 'जशी होती तशी' झाली की नाही हे तपासायला नुसती आठवण नव्हती, माप होतं.

आवाज मोजण्याचं हे शास्त्र सव्वाशे वर्षांचं आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना, म्हणून वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला कामाला लावलं गेलं. तो रात्री शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, खोलीत मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचा. पहाटेपर्यंत गाद्या परत जागेवर. त्यातून सूत्र निघालं: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त घुमतो, मऊ वस्तू आणि माणसं जितकी जास्त तितका तो लवकर विरतो.

आता हे सूत्र कोल्हापूरला लावून बघा. बोलण्याचे शब्द स्पष्ट कळायला घुमण्याचा काळ साधारण एक सेकंद लागतो. मोठ्या वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपास बरं वाटतं. आपल्या संगीत नाटकाला दोन्ही हवं: गद्य संवादातला शब्द सुटता कामा नये आणि पदातली तान कोरडी पडता कामा नये. १९१५ मध्ये माइक नव्हते. केशवराव भोसले जेमतेम ३१ वर्षं जगले आणि माइकशिवाय गायले. त्या काळातलं नाट्यगृह हेच ध्वनिवर्धक असायचं. लाकूड, छताची उंची, बाल्कनीचा पुढचा कठडा, प्रेक्षकांची दाटी, सगळं त्या गळ्याला साथ करायचं.

आता समजा, नव्या नाट्यगृहात कमान तशीच, रंग तोच, बाल्कनीचा कठडाही तोच. पण वर एसीच्या नळ्या झाकणारं खोटं छत आलं, खाली गालिचा आला, गुबगुबीत खुर्च्या आल्या. फोटोत ते अगदी 'जसंच्या तसं' दिसेल. कान मात्र म्हणतील, आम्ही दुसरीकडेच आलोय. मग प्रत्येक नटाच्या गालावर माइक चिकटवायचा आणि 'जुन्या नाट्यगृहात काय मजा होती' असं म्हणत बसायचं.

म्हणून पुनर्बांधणीच्या बैठकीतला पहिला प्रश्न रंगाचा किंवा कोनशिलेचा नसावा. जळण्याआधीचा आवाज कुणाकडे आहे, हा असावा. प्रयोगशाळेतल्या मोजमापाइतकी अचूक नसली, तरी ती माहिती आपल्या खिशात पडून असण्याची शक्यता आहे. स्पर्धेच्या प्रयोगांचे व्हिडिओ, गाण्याच्या कार्यक्रमात मागच्या रांगेतून केलेली रेकॉर्डिंग, टाळ्यांचे कडकडाट. रिकाम्या सभागृहातल्या एका टाळीतूनही ध्वनितज्ज्ञाला बरंच काळतं. व्हिस्कोंतीच्या चित्रपटाने व्हेनिसला जे दिलं, ते कोल्हापूरला हजारो फोन मिळून थोडंफार देऊ शकतील. फक्त कुणीतरी मागायला हवेत.

बार्सिलोना: पडद्याची गोष्ट

बार्सिलोनाचं 'लिसेऊ' ३१ जानेवारी १९९४ ला जळालं. कारण ऐकून हसावं की रडावं कळत नाही. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये आगीच्या वेळी खाली येणारा जो लोखंडी पडदा असतो, त्याच्याच दुरुस्तीचं काम चालू होतं. त्या कामाची ठिणगी उडाली आणि कापडाने पेट घेतला.

१९९९ मध्ये लिसेऊ पुन्हा उघडलं तेव्हा प्रेक्षागृह जवळपास पूर्वीसारखं होतं. पण कमानीच्या मागे, जिथे प्रेक्षकाची नजर पोचत नाही, तिथे सगळं नवं होतं: शेजारची जागा घेऊन मोठा केलेला रंगमंच, नवी यंत्रणा, आगीची नवी व्यवस्था. 'जसंच्या तसं' या शब्दांचा मला पटणारा अर्थ हा आहे. प्रेक्षकाकडची बाजू आठवणीतून बांधा. नटाकडची बाजू शहाणपणातून बांधा.

नाट्यगृहातली आग बहुधा रंगमंचावर सुरू होते, कारण तिथेच कापड, लाकूड, रंग, दिवे आणि वायरी एकत्र नांदतात. वर उंच पोकळी असते, ती धुराड्यासारखं काम करते. १९०३ मध्ये शिकागोच्या इरोक्वा थिएटरात सहाशेहून अधिक माणसं मेली. ते नाट्यगृह उघडून दोन महिनेही झाले नव्हते आणि त्याची जाहिरात 'पूर्णपणे अग्निरोधक' अशी होती. आगीपासून वाचवणारा पडदा खाली येताना मध्येच अडकला. याच्या उलट १९११ मध्ये एडिंबरात लाफाएट नावाच्या जादूगाराच्या प्रयोगात आग लागली, तेव्हा पडदा खाली आला, वाद्यवृंदाने राष्ट्रगीत सुरू केलं आणि सुमारे तीन हजार प्रेक्षक काही मिनिटांत सुखरूप बाहेर पडले. पडद्यामागे मात्र लाफाएट आणि त्याचे सहकारी गेले.

ही दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. पडदा प्रेक्षकाला वाचवतो. पलीकडच्या माणसाला वाचवायला वेगळी दारं लागतात, वर धूर सोडणाऱ्या खिडक्या लागतात, पाण्याचे फवारे लागतात. आपण नाट्यगृहाच्या आरामाबद्दल बोलतो तेव्हा खुर्ची आणि एसीबद्दल बोलतो, म्हणजे स्वतःबद्दल. दुपारी पुण्यात प्रयोग करून रात्री दुसऱ्या गावात टेम्पोतून सेट उतरवणारा, शिडीवर चढून दिवे बांधणारा, मेकअप रूमच्या बाहेर वर्तमानपत्रावर जेवणारा माणूस त्या बोलण्यात नसतो. सेट आत न्यायचं दार किती रुंद हवं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

लंडन: एका टेबलाशी

इथे त्या परिषदेचं खरं महत्त्व लागतं. तिच्यावर टीका करता येते. अशा मेळाव्यांभोवती यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांचा वावर असतो, आणि जिथे कोट्यवधींचं ऑपेरागृह हे उदाहरण असतं, तिथे तालुक्याच्या गावातलं गळकं सभागृह कुणाला आठवणार? तरीही तिचं मूळ सूत्र पक्कं आहे: नाट्यगृह ही एका माणसाने काढायची इमारत नाही.

हे सूत्र लंडनलाही फुकट मिळालेलं नाही. तिथलं नॅशनल थिएटर १९७६ मध्ये उघडलं. वास्तुरचनाकार डेनिस लॅस्डन यांनी मुख्य ऑलिव्हिए प्रेक्षागृह ग्रीक रंगमंचाच्या प्रेरणेने रचलं. रंगमंचाखाली कित्येक मजले खोल, फिरणारं अजस्र यंत्र बसवलं. ते सुरुवातीची बरीच वर्षं धड चाललंच नाही. आणि त्याच इमारतीत जी जागा नाटकवाल्यांना मनापासून आवडली, ती मूळ आराखड्यातून उरलेल्या पोकळीत झाली. आयन मॅकिन्टॉश या नाट्यगृह-रचनाकाराने तिथे जुन्या अंगणासारखं, तिन्ही बाजूंनी माणसं दाटीने बसतील असं छोटं कॉटेस्लो थिएटर बसवलं. १९७७ मध्ये ते उघडलं. आज त्याचं नाव डॉर्फमन आहे. नाटक करणाऱ्यांना ओळखणाऱ्या माणसाने उरलेल्या जागेत जे साधलं, ते काँक्रीटच्या डोंगराला साधता आलं नाही.

आपल्याकडे मात्र नाट्यगृह 'बहुउद्देशीय' असतं. सकाळी शिबिर, दुपारी शाळेचं गॅदरिंग, संध्याकाळी पक्षाचा मेळावा आणि तारीख उरली तर नाटक. निविदेत आसनसंख्या असते, टाइल्स असतात, दर्शनी भागाचं चित्र असतं. शेवटच्या खुर्चीपासून नटाच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर कुठेच नसतं. आणि नाटक तर त्या अंतरातच घडतं.

यावर कुणी म्हणेल, पैसे कुठून आणायचे? रास्त प्रश्न आहे. पण मी सांगतोय त्यातल्या बऱ्याच गोष्टी संगमरवरापेक्षा स्वस्त आहेत. ध्वनितज्ज्ञाला आराखडा ठरण्याआधी बोलावणं, बॅकस्टेजच्या चार अनुभवी माणसांना बैठकीत खुर्ची देणं, राज्यातल्या उरलेल्या जुन्या नाट्यगृहांचा आवाज ती उभी असतानाच मोजून ठेवणं. नंतर खोटं छत पाडण्यापेक्षा हे केव्हाही परवडतं.

आणि 'जसंच्या तसं' झालं की नाही, याची परीक्षाही साधी आहे. कोल्हापुरात पडदा पुन्हा वर जाईल त्या दिवशी भाषणांच्या आधी माइक बंद करावेत. एका गायक नटाने रंगमंचावर उभं राहून एक नाट्यपद म्हणावं. मग बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला विचारावं, शब्द कळला का?