लुटीची पावती आणि तलवारीची किंमत

२९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत एक तलवार घेतली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची. वाहतूक, विमा वगैरे धरून खर्च ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली आणि पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत लोकांना बघायला ठेवली गेली. तेव्हापासून मला बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय: तुझा विषयच आहे ना हा, मग ४७ लाख जास्त झाले की कमी?

माझं उत्तर: कमी. फारच कमी. ते का, हे सांगायचं तर लिलावाच्या कॅटलॉगकडे जरा नीट बघावं लागतं. माझ्या पीएचडीचं कामच ते आहे. जुनी हत्यारं आणि लष्करी पदकं विकताना त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं, ते मी वाचते. लोक चित्रं बघतात, मी खालचा मजकूर बघते.

आधी तुलनेसाठी दुसरी तलवार घेऊ. २३ मे २०२३ ला, लंडनमध्येच, बॉनहॅम्सने टिपू सुलतानाच्या शयनगृहातली म्हणून ओळखली जाणारी तलवार विकली. अंदाज १५ ते २० लाख पौंडांचा होता. विकली गेली १ कोटी ४० लाख ८० हजार ९०० पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने १४० कोटी रुपयांच्या वर. रघुजींच्या तलवारीच्या साधारण तीनशे पट.

आता कारागिरीत तीनशे पट फरक असू शकतो का? टिपूची तलवार देखणी आहे, सोन्याचं काम उत्तम आहे, मान्य. टिपू हे नाव ब्रिटनमध्ये दोनशे वर्षं खपतंय, हेही खरं. पण रघुजींची तलवारही काही साधी नाही. सरळ, एकधारी पातं, तेही युरोपात घडवलेलं. मुल्हेरी घाटाची मूठ, तिच्यावर सोन्याचं नक्षीकाम. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत मालकाचं नाव, ‘सेनासाहेबसुभा’ हा शाहू महाराजांनी दिलेला किताब, आणि ‘फिरंग’ हा शब्द. फिरंग म्हणजे फिरंगी पात्याची तलवार. हत्यार स्वतःच सांगतंय की मी कोण, कुणाची, कुठल्या जातीची. जुन्या हत्यारांच्या बाजारात इतकं बोलकं पातं क्वचित भेटतं.

मग टिपूच्या तलवारीत जास्तीचं काय होतं? पावती होती. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं. हल्ल्याचं नेतृत्व केलं जनरल डेव्हिड बेअर्डने, जो पूर्वी त्याच शहरात कैदेत होता. लुटीची मोजदाद करायला कंपनीच्या सैन्याने रीतसर समिती नेमली होती, आणि ही तलवार सैन्यातर्फे बेअर्डला भेट मिळाली. कोणी, कधी, कुठून उचललं आणि कोणाला दिलं, सगळं ठाऊक. एखादी वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली त्या क्रमाला या धंद्यात ‘प्रॉव्हेनन्स’ म्हणतात. मी ‘हातबदलाची साखळी’ म्हणते. साखळी जितकी सलग, तितकी किंमत चढी.

आपल्याकडच्या वस्तूंच्या बाबतीत याचा अर्थ जरा विचित्र निघतो. साखळीतला पहिला दुवाच लूट असतो. म्हणजे लूट जितकी नीट लिहून ठेवलेली, तितका आजच्या विक्रेत्याला फायदा. चोरीच्या मालाला चोरीच्या पंचनाम्यामुळे भाव यावा, तसं. कॅटलॉगमध्ये मात्र ‘लूट’ हा शब्द फारसा भेटत नाही. ‘भेट दिली’, ‘मिळवली’, ‘सोबत आणली’ अशी सौम्य क्रियापदं येतात. बेअर्डला भेट ‘दिली’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे. फक्त देणाऱ्याची ती वस्तू नव्हती, एवढं त्यात येत नाही.

पदकांकडे वळलं की हे आणखी स्पष्ट दिसतं. ब्रिटनमध्ये ‘आर्मी ऑफ इंडिया’ नावाचं एक चांदीचं पदक आहे. १८०३ ते १८२६ मधल्या लढायांसाठीचं, पण मंजूर झालं १८५१ मध्ये. तोवर जे जिवंत होते त्यांनाच ते मिळालं. फितीवर लढायांच्या नावाच्या चांदीच्या पट्ट्या असतात. त्या वाचताना मराठी माणसाला आपल्याच पराभवांची यादी वाचल्यासारखं होतं: असई, आरगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव, अशीरगड. पदकाच्या कडेवर मिळवणाऱ्याचं नाव आणि पलटण कोरलेली असते. त्यामुळे दोनशे वर्षांनीही ते नेमकं कोणाचं, हे याद्यांशी ताडून बघता येतं. संग्राहक याच नावासाठी पैसे मोजतात.

सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला झाली. टेकडीवर कंपनीतर्फे लढणारे जवळपास सगळे हिंदुस्थानीच होते, मुख्यतः मद्रासच्या देशी पलटणींचे शिपाई आणि बंगालचे घोडेस्वार. पण पदक हातात पडायला चौतीस वर्षं जगायला हवं, शिवाय मागणी करायला हवी. गावी परत गेलेल्या म्हाताऱ्या शिपायाला लंडनमध्ये असं काही निघालंय हे कोण कळवणार? म्हणून या पदकांवर देशी नावं कमी दिसतात. आणि दिसली तरी कॅटलॉगमध्ये इंग्रज अधिकाऱ्याला दोन पानं (जन्म, शाळा, जखमा, लग्न, मृत्युपत्र) आणि शिपायाला दीड ओळ. माझ्या वाचनात हे इतक्यांदा आलंय की आता मी आधी ओळी मोजते आणि मग मजकूर वाचते.

आता रघुजींच्या तलवारीकडे परत येऊ, कारण तिथे नेमकं उलटं आहे. तिच्यावर नाव आहे, साखळी नाही. रघुजी १७५५ मध्ये वारले. तलवार लंडनला बोलीसाठी आली २०२५ मध्ये. मधल्या २७० वर्षांचं काय? सरकारकडून आलेल्या माहितीत असं होतं की १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनीने लूट केली तेव्हा ती गेली असावी, किंवा भोसल्यांनी इंग्रजांना भेट दिली असावी. दोन्ही ठिकाणी ‘असावी’. बातम्यांमध्ये यातलं भेटीचं टोक आधी गळालं, मग ‘असावी’ गळालं, आणि शेवटी ‘१८१७ ला इंग्रजांनी लुटलेली तलवार’ एवढंच उरलं. माझी टीका आहे ती इथे. खरेदीवर नाही. खरेदी उत्तम झाली. लिलावाची बातमी कळल्यावर इतक्या झटपट कुठल्या राज्य सरकारने हालचाल केल्याचं मला आठवत नाही.

पण १८१७ हे एकच दार धरून बसलं की दुसरं दार दिसत नाही, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. डलहौसीने राज्य खालसा केलं. त्यानंतर कंपनीने राजवाड्यातली चीजवस्तू विकायला काढली. हत्ती, घोडे, बैल नागपुरातच हातोड्याखाली गेले आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झालं. जॉन विल्यम के या इंग्रज इतिहासकारानेच याबद्दल नाराजीने लिहिलंय. राजवाड्यातल्या बायकांच्या विरोधाला कोणी जुमानलं नाही. म्हणजे सदबीजच्या लिलावात परत मिळालेली ही तलवार मुळात लिलावातूनच बाहेर गेलेली असणं अगदी शक्य आहे. लढाईत गेली असं म्हटलं की एक वीरकथा मिळते. सरकारी विक्रीत गेली म्हटलं की कारकून, यादी आणि बोली लावणारे व्यापारी येतात, आणि त्यातले काही आपलेच असू शकतात. दुसरी गोष्ट सांगायला अवघड आहे, म्हणून ती कोणी सांगत नाही, असा माझा संशय आहे.

‘मग विकत का घ्यायची? परत मागायची!’ हेही पुष्कळांनी म्हटलं. भावना बरोबर आहे, पण हातात कायदा नाही. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा, आणि तो मागे जाऊन लागू होत नाही. आपला पुरावस्तू कायदा १९७२ चा, तोही देशातून बाहेर जाणाऱ्या वस्तूंसाठी. त्याच्या मागे गेलात तर एक जुना दावा भेटतो. पेशवाई बुडाल्यावर रायगडचे किल्लेदार नारो गोविंद औटी यांची पुण्यातली मालमत्ता कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केली. दावा झाला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने औट्यांच्या बाजूने निकाल दिला. पण १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला: युद्धाच्या ओघात झालेल्या जप्तीत साध्या न्यायालयाने पडायचं नाही. प्रतिवादींमध्ये खुद्द माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. म्हणजे दख्खनच्या लुटीला कोर्टाच्या दारातूनच बाहेर ठेवलं गेलं. ‘भेट दिली’ हे क्रियापद कॅटलॉगमध्ये इतक्या आरामात बसतं, त्याला असा भक्कम कायदेशीर पाया आहे.

आणखी एक गोष्ट, जी लिहिली की शिव्या येतील, पण लिहिते. १७४० च्या दशकात रघुजींच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, वर्षामागून वर्ष. तिथे त्यांना ‘बर्गी’ म्हणतात, आपल्या ‘बारगीर’वरून. बंगाली आया आजही मुलांना झोपवताना म्हणतात त्या गाण्यात हे बर्गी येतात. नागपूरला जे वैभव आलं त्यात त्या मोहिमांचा पैसा आहे. म्हणून इंग्रजांची लूट माफ होते का? अजिबात नाही. पण तलवारीची पूर्ण साखळी सांगायची तर ती नागपूरच्या राजवाड्यात सुरू होत नाही, तिच्या धन्याने ती जिथे जिथे नेली तिथून सुरू होते. एखाद्या बंगाली पाहुण्याने ती काचेच्या कपाटात बघितली तर त्याला वेगळं काही आठवेल. पाटीवर त्यालाही जागा हवी.

तर ४७ लाख कमी का पडले? कारण बाजाराने पात्यावरच्या नावापेक्षा हरवलेल्या कागदांना जास्त वजन दिलं. आपल्याला ते स्वस्तात पडलं, छान. पण आता कागद शोधायचं काम बाकी आहे आणि ते लिलावघर करणार नाही, त्याची विक्री झाली. नागपूरच्या रेसिडेन्सीचे दप्तर, १८५४ नंतरच्या विक्रीच्या याद्या, कलकत्त्याचा पत्रव्यवहार, यात कुठेतरी हत्यारांची नोंद मिळू शकते. पात्यावर युरोपातल्या लोहाराची खूण शोधता येईल, सोन्याचं अक्षरकाम आणि मूठ एकाच वेळची आहेत का हेही तपासता येईल. तलवारीवर झालेल्या खर्चाच्या एका लहानशा हिश्श्यात दोन विद्यार्थ्यांना वर्षभर एवढं काम करता येईल. (नाही, मी अर्ज करत नाहीये. माझा प्रबंधच आधी संपू दे.)

आणि तपासात १८१७ खोटं ठरलं तर? ठरू दे की. महाराष्ट्रात तीन वर्षांसाठी आणलेल्या वाघनखांच्या बाबतीत लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम स्वतःच सांगतं की ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत हे सिद्ध करता येत नाही. त्यांची गोष्ट सांगणारा मजकूर आहे तो नखांवर नाही, ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेल्या पेटीवर. लोकांनी तरीही रांगा लावल्या. लोकांना ‘असावी’ झेपतं, हे संग्रहालयवाल्यांना अजून पटलेलं नाही.

ही तलवार जिथे मांडलेली असेल तिथे जाणार असाल तर मूठ बघून लगेच पुढे सरकू नका. पात्याच्या पाठीकडून, उजेड तिरपा पडेल असं उभं राहून ती सोन्याची अक्षरं वाचा. मग शेजारची पाटी वाचा आणि १८१७ च्या वाक्यात क्रियापद कुठलं वापरलंय ते मला खाली कमेंटमध्ये कळवा. फोटो काढू देत असतील तर फोटोही पाठवा, पाटीचा.