नक्कल, अस्थी आणि जिरेटोप : ‘क्लोन हाय’मधील गांधी आणि काही मराठी संहिता

मराठीत ‘नक्कल’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. कचेरीत मिळते ती दस्तऐवजाची नक्कल, आणि मैफलीत किंवा तमाशात केली जाते ती माणसाची नक्कल. पहिलीत मुळाशी तंतोतंत जुळण्याची हमी अपेक्षित असते. दुसरीची सारी मौज मुळाशी न जुळणाऱ्या जागांवर उभी असते. फिल लॉर्ड, ख्रिस्तोफर मिलर आणि बिल लॉरेन्स यांनी निर्माण केलेल्या ‘क्लोन हाय’ या अ‍ॅनिमेशन मालिकेची कल्पना या दोन अर्थांच्या सांध्यावरच आकाराला आलेली आहे. इतिहासातील थोरामोठ्यांच्या देहांपासून गुप्तपणे प्रतिरूपे तयार केली जातात, ती एका अमेरिकन माध्यमिक शाळेत एकत्र वाढवली जातात, आणि शरीराने मुळाबरहुकूम असलेली ही मुले स्वभावाने मुळाची टिंगल ठरतात. अब्राहम लिंकनचे प्रतिरूप कोणताही निर्णय धड घेऊ शकत नाही. क्लिओपात्रावर त्याचे प्रेम आहे आणि जोन ऑफ आर्कचे त्याच्यावर आहे. केनेडी हा शाळेतला उनाड दांडगट आहे. लिंकनचा जिवलग मित्र आहे गांधी : बडबड्या, उथळ, मेजवान्यांना हपापलेला, आणि आपण ‘गांधी’ आहोत या ओझ्याने मुळातच ढासळलेला.

मालिका प्रथम नोव्हेंबर २००२मध्ये कॅनडात आणि जानेवारी २००३मध्ये अमेरिकेत एमटीव्ही वाहिनीवर दाखवली गेली. तो काळ लक्षात घेण्याजोगा आहे. डॉली मेंढीच्या जन्माची वार्ता १९९७मध्ये जाहीर झाली होती. डिसेंबर २००२मध्ये एका पंथाशी संबंधित कंपनीने मानवी प्रतिरूप जन्माला आल्याचा दावा केला, जो कधीही सिद्ध झाला नाही. आणि १४ फेब्रुवारी २००३ रोजी डॉलीचा अंत झाला. प्रतिरूपाची भीती आणि कुतूहल दोन्ही हवेत असताना ही मालिका आली. तिने मात्र त्या भीतीचा विचार केला नाही. अमेरिकन किशोरवयीन मालिकांतून एखादा ‘अतिविशेष’ भाग गंभीर सामाजिक प्रश्नाला वाहिलेला असे. ‘क्लोन हाय’चा प्रत्येक भाग स्वतःला तसाच अतिविशेष म्हणवतो आणि त्या उपदेशप्रधान परंपरेचे विडंबन करतो. विडंबनाचे खरे लक्ष्य दूरचित्रवाणी आहे. इतिहास हा तिचा केवळ कच्चा माल आहे. या बाबीकडे दुर्लक्ष केल्यामुळे मालिकेविषयीची बरीचशी चर्चा भरकटली.

भारतात ही चर्चा झाली ती मालिका पाहून नव्हे, तर तिच्याविषयी ऐकून. जानेवारी २००३च्या अखेरीस, गांधींच्या पुण्यतिथीच्या सुमारास, दिल्लीत निषेध झाला. त्यात खासदारही सहभागी होते आणि उपोषणाचे शस्त्र उगारण्यात आले. वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली आणि मालिका अमेरिकन प्रेक्षकांसाठी होती, असे स्पष्टीकरण दिले. अमेरिकेतले प्रक्षेपण सगळे तेरा भाग दाखवण्यापूर्वीच थांबले. प्रेक्षकसंख्या पुरेशी नव्हती हेही त्यामागचे एक कारण असल्याने, निषेधामुळेच मालिका बंद पडली असे सरळ विधान करणे धाडसाचे होईल. उपोषण हे गांधींचे साधन एका व्यंगचित्रातील गांधीविरुद्ध वापरले गेले, यातील उपरोध मात्र मालिकेतल्या कोणत्याही विनोदापेक्षा धारदार आहे. गांधींची कृती येथे आंदोलकांच्या देहांतून पुन्हा घडत होती; तीही एका अर्थी नक्कलच, पण श्रद्धेने केलेली.

मालिकेची भूमिका असे गृहीत धरते की मूळ व्यक्तीचा देह कुठेतरी शिल्लक आहे आणि तो उकरून काढता येतो. ही कल्पना दफनाच्या संस्कृतीत सहज सुचणारी आहे. लिंकनचे शव स्प्रिंगफील्ड येथील थडग्यातून पळवून खंडणी मागण्याचा प्रयत्न १८७६मध्ये खरोखरच झाला होता, आणि पुढे १९०१मध्ये ती शवपेटी काँक्रीटमध्ये बंदिस्त करावी लागली. केनेडीची कबर आर्लिंग्टनला आहे. पण ‘क्लोन हाय’च्या पाच प्रमुख पात्रांपैकी उरलेल्या तिघांचे काय? क्लिओपात्राची कबर सापडलेली नाही. जोन ऑफ आर्कला १४३१मध्ये जाळण्यात आले आणि तिच्या भक्तांना अवशेष म्हणून काहीही मिळू नये यासाठी राख सेन नदीत टाकण्यात आली. गांधींच्या देहाला ३१ जानेवारी १९४८ रोजी यमुनेच्या काठी अग्नी देण्यात आला आणि अस्थी देशभरातील नद्यांत विसर्जित झाल्या. ज्यांचे प्रतिरूप करणे मालिकेच्या स्वतःच्या तर्कानुसार अशक्य आहे, अशी दोन पात्रे, जोन आणि गांधी, तिच्या केंद्रस्थानी असावीत हा योगायोग असेल. निर्मात्यांनी त्याचा विचार केल्याचे कुठे जाणवत नाही. तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र येथेच संहितेची शिवण उसवते.

एकीकडे राख हेतुपुरस्सर नष्ट केली गेली, दुसरीकडे विधिपूर्वक विसर्जित केली गेली. पण दोन्हींचा परिणाम एकच, देह उरत नाही. भारतीय श्रद्धेला यात काही उणे वाटत नाही. देह पुरा विरघळल्याखेरीज मृत्यूचे कार्य संपले असे ती मानत नाही. म्हणूनच कटक येथील बँकेच्या तिजोरीत राहून गेलेल्या गांधींच्या अस्थी ३० जानेवारी १९९७ रोजी अलाहाबादला संगमात सोडण्यात आल्या, आणि मुंबईत जपून ठेवलेला आणखी एक अस्थिकलश ३० जानेवारी २००८ रोजी गिरगाव चौपाटीवरून समुद्रात रिता करण्यात आला. राहिलेले अवशेषही साठ वर्षांनी शोधून विसर्जित करणारी ही वृत्ती आणि अवशेषांतून माणूस परत घडवू पाहणारी मालिकेतील प्रयोगशाळा, या दोन परस्परविरुद्ध कल्पना आहेत. २००३च्या वादात ‘अपमान’ या एकाच शब्दाखाली हा भेद झाकला गेला.

मालिकेत गांधींच्या पात्राचा एक भाग विशेष विचारार्ह आहे. त्यात गांधीला अवधानाशी संबंधित एक विकार असल्याचे निदान होते. हा विकार संसर्गजन्य आहे अशी अफवा शाळेत पसरते आणि सारे त्याला टाळू लागतात. अमेरिकन प्रेक्षकाला यात एड्सविषयीच्या भीतीचे आणि त्यावरील उपदेशपर मालिकांचे विडंबन दिसते, आणि ते तसे आहेच. भारतीय वाचकाला मात्र आणखी काही दिसते : ज्याच्या आयुष्याचा मोठा भाग अस्पृश्यतानिवारणाच्या प्रश्नात गुंतलेला होता, त्या नावाचा मुलगा येथे शिवू नये असा ठरतो. मालिकेला याची जाणीव असावी असे मानण्यास आधार नाही, आणि तशी ती नसणे हीच या भागाची उणीव आहे. मुळाच्या चरित्राला सर्वात जवळून भिडणारा प्रसंग हाताशी आला असताना त्याचे मोल न ओळखता संहिता पुढच्या विनोदाकडे जाते. निषेध करणाऱ्यांनी मालिका पाहिली असती तर त्यांना आक्षेपासाठी याहून सबळ जागा मिळाली असती : गांधीविषयीचा अनादर नव्हे, गांधीविषयीचे अज्ञान.

लॉर्ड आणि मिलर यांनी पुढे सांगितलेली एक हकिगत या संदर्भात उद्बोधक आहे. दुसऱ्या पर्वासाठी मांडलेल्या एका पर्यायात गांधी वगळलेला होता. दुसऱ्यात, हा मुलगा मुळात गांधींचे प्रतिरूप नसून गॅरी कोलमन या अमेरिकन दूरचित्रवाणी अभिनेत्याचे आहे, असा उलगडा होणार होता. म्हणजे रेखाटन, आवाज आणि वागणे सारे तेच राहणार, फक्त दाखल्यावरचे नाव बदलणार, आणि तेवढ्याने आक्षेप संपणार! वाद चित्राचा नव्हता, नावाचा होता, हे याहून स्वच्छपणे कोणी सांगितले नसेल.

नेमका हाच प्रश्न मराठी कवितेच्या निमित्ताने भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. लघुनियतकालिकांच्या चळवळीतील कवी वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही दीर्घ कविता १९९४मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका पत्रिकेत छापली गेली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला दाखल झाला. मे २०१५मध्ये न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि प्रफुल्लचंद्र पंत यांच्या पीठाने निकाल देताना, माफी मागितलेल्या प्रकाशक व मुद्रकाला मुक्त केले, पण कवीला तसा दिलासा दिला नाही. ऐतिहासिकदृष्ट्या आदरणीय व्यक्तीचे नाव वापरले जाते किंवा तिच्या तोंडी भाषा घातली जाते, तेव्हा समकालीन समाजमानसाची कसोटी अधिक कठोरपणे लागू होते, असे या निकालाचे सूत्र आहे. न्यायालयाच्या लेखी नाव ही एक प्रकारची वस्तूच ठरते. गुर्जरांच्या कवितेतला गांधी मात्र ज्याला भेटतो त्याच्या जगाचा रंग घेतो. कवितेचा रोख गांधींवर नसून गांधींना ठिकठिकाणी जिरवून टाकणाऱ्या समाजावर आहे. ‘क्लोन हाय’मध्ये नाव कायम राहते आणि आशय गळतो, गुर्जरांकडे नाव हे समाजाला दाखवलेला आरसा होते. दोन्हींना एकाच मापाने मोजणे ही टीकेची नव्हे, कायद्याची सोय आहे.

मराठी रंगपरंपरेला थोरांची चेष्टा नवीन नाही. गवळणीत मावशी खुद्द कृष्णाचीही चेष्टा करते, त्याची खोड मोडू पाहते, आणि प्रेक्षकांतल्या भाविकाला त्यात वावगे वाटत नाही. येथे सोंग ही संकल्पना महत्त्वाची ठरते. सोंग रात्रीपुरते चढते आणि पहाटे उतरते; ते सोंग आहे हे सोंग घेणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. प्रतिरूपाला ही सवलत नाही. ‘क्लोन हाय’मधील गांधी कोणी वठवलेला गांधी नाही, कथेच्या आत तो रक्तामांसाने गांधीच आहे, आणि म्हणून त्याला सोंग उतरवून घरी जाता येत नाही. त्याची केविलवाणी अवस्था याच अटीतून येते, आणि पात्र म्हणून त्याचे जे काही बळ आहे तेही येथेच आहे.

सोंगाच्या या परंपरेशी नाते राखूनही निराळ्या वाटेने जाणाऱ्या दोन कलाकृती तुलनेसाठी घेता येतील. राजकुमार हिरानी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) या हिंदी चित्रपटातील गांधी दिलीप प्रभावळकर या मराठी नटाने साकारला आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारात या भूमिकेचाही वाटा होता. हा गांधी मुन्नाच्या मेंदूतला आहे. मुन्नाने ग्रंथालयात बसून जेवढे वाचले तेवढेच त्याला ठाऊक. जे मुन्नाला माहीत नाही ते या गांधीलाही सांगता येत नाही. येथे देह नाही, आणि विचारही वाचकाच्या कुवतीएवढाच. तीन वर्षांपूर्वी अमेरिकन गांधीवर उठलेले वादळ या गांधीवर उठले नाही, याचे श्रेय प्रभावळकरांच्या संयत अभिनयाला तर आहेच, पण या मांडणीलाही आहे : गांधी वाचनातून येतो, रक्तातून नाही.

दुसरी कलाकृती संभाजी भगत यांच्या संकल्पनेतून साकारलेले, राजकुमार तांगडे लिखित आणि नंदू माधव दिग्दर्शित ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) हे नाटक. जालना जिल्ह्यातील शेतकरी नटांनी ते उभे केले. शिवाजी महाराजांना न्यायला आलेल्या यमाला त्यांचे विचारही सोबत न्यायचे आहेत. ते ज्या जिरेटोपात आहेत तोच वाटेत हरवतो, आणि तो ज्याच्या डोक्यावर नेमका बसेल त्याच्या शोधात यम पृथ्वीवर हिंडतो. पुढची शाहिरी जुगलबंदी शिवाजी कोणाचा, या प्रश्नाभोवती रंगते. ‘क्लोन हाय’च्या भूमिकेची ही नेमकी उलट बाजू आहे. तेथे देह हुबेहूब आणि विचार शून्य. येथे विचार शाबूत आणि देहाचा शोध. जिरेटोप कोणाच्या डोक्यावर बसेल हे वंशावरून ठरत नाही, माप घेऊन पाहावे लागते. जातीच्या आणि वारशाच्या दाव्यांनी ग्रासलेल्या समाजाला हे रूपक जेवढे झोंबते तेवढे रक्ताची चाचणी घेणारे कोणतेही रूपक झोंबणार नाही. विनोद म्हणूनही ते अधिक टिकाऊ आहे, कारण हसणाऱ्या प्रत्येकाला आपल्या डोक्याचा घेर चाचपावा लागतो. दलित वस्ती हे या शोधाचे ठिकाण असणे हा नाटकाचा सर्वात धीट निर्णय होता. गांधींच्या बाबतीत असा निर्णय मराठी रंगभूमीने घेतला नाही असे नाही. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘गांधी-आंबेडकर’मध्ये दोघांच्या संवादात विदूषकाला स्थान आहे, आणि तो दोघांनाही सोडत नाही.

‘क्लोन हाय’ वीस वर्षांनी, मे २०२३मध्ये, नव्या पर्वासह परतली. फेब्रुवारी २०२४मध्ये तिसरे पर्व आले आणि त्यानंतर मालिका पुन्हा थांबवण्यात आली. पहिल्या पर्वाच्या शेवटी सारी प्रतिरूपे गोठवली गेली होती. नव्या पर्वात ती वितळून जागी होतात, आणि फ्रिडा काहलो, हॅरिएट टबमन, कन्फ्यूशियस अशी नवी प्रतिरूपे त्यांत मिसळतात. सामाजिक भान वाढलेल्या नव्या पिढीपुढे जुन्यांची होणारी फजिती हा आता विनोदाचा विषय आहे. सहाध्यायी जागे होऊन वर्गात परतले आहेत. गांधीला मात्र त्यांच्यात जागा मिळालेली नाही, आणि कथेच्या हिशेबाने तो अजून बर्फातच आहे.