‘लोकोमोशन’ इंजिनाचें स्थलांतर व अस्सलपणाचा प्रश्न

इंग्लंडांत डार्लिंग्टन गांवीं नॉर्थ रोड स्थानकाच्या जुन्या इमारतींत ठेविलेलें ‘लोकोमोशन’ नांवाचें वाफेचें इंजिन इ. स. २०२१ मध्यें तेथून उचलून रस्त्यानें शिल्डन येथील संग्रहालयांत नेण्यांत आलें. दोन गांवांमधील अंतर दहा मैलांच्या आंतबाहेर. परंतु या दहा मैलांवरून जो वाद माजला, तो इंजिनाच्या वजनाहून जड होता. डार्लिंग्टनच्या नगरसभेचें म्हणणें असें कीं, इंजिन आमच्या गांवचें, दीडशेंहून अधिक वर्षें तें येथेंच लोकांनीं पाहिलें आहे, तें आम्ही सोडणार नाहीं. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचें म्हणणें, इंजिन राष्ट्रीय संग्रहांतील असून १९७५ पासून केवळ उसनवार दिलेलें आहे, मुदत संपली, आतां तें आमच्या शिल्डनच्या शाखेंत यावें. शेवटीं तडजोड झाली. इंजिन शिल्डनला जावें व ठराविक काळीं डार्लिंग्टनला परत यावें, असें ठरलें. शिल्डनच्या संग्रहालयाचें नांवहि ‘लोकोमोशन’च आहे, व तें २००४ पासून आहे. म्हणजे मूर्ति येण्यापूर्वीं सतरा वर्षें देवालयास तिचें नांव पडलें होतें!

मराठी इतिहासाच्या साधनांचा व्यासंग करणाऱ्या वाचकांस या परक्या भांडणाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, भांडण इंजिनाचें असलें तरी तें ज्या चुकीवर उभें आहे ती चूक आपल्या दफ्तरखान्यांतहि रोज घडते. वस्तु कोणाची, व ती कोठें ठेवावी, या दोन प्रश्नांवर दोन्ही पक्षांनीं भरपूर शाई खर्च केली. वस्तु मुळांत काय आहे, तिचा कोणता भाग कोणत्या काळचा, व ती जागेवरून हलवितांना तिच्या अंगावरील पुरावा कसा सांभाळावयाचा, हा तिसरा प्रश्न जाहीर वादांत जवळजवळ ऐकूं आला नाहीं. पोथीच्या मालकीबद्दल दावे चालावे, आणि ती कोणत्या शकांत कोणाच्या हातची, हें पाहण्यास रुमाल कोणी सोडूं नये, तसा हा प्रकार झाला.

इंजिनाची हकीकत थोडक्यांत अशी. न्यूकॅसल येथें फोर्थ स्ट्रीटवरील रॉबर्ट स्टीफनसन आणि कंपनीच्या कारखान्यांत तें १८२५ सालीं तयार झालें. पहिलें नांव ‘अ‍ॅक्टिव्ह’. ‘लोकोमोशन’ हें मागाहून पडलेलें. कारखान्यापासून स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेपर्यंत लोखंडी मार्ग नव्हता, म्हणून घोडे जुंपलेल्या गाडीवर घालून तें एक्लिफ लेन येथें आणिलें व तेथें रुळांवर चढविलें. म्हणजे या इंजिनाचा पहिला प्रवासहि रस्त्यानेंच झाला. चार वर्षांनीं ‘रॉकेट’ इंजिनाचीहि तीच गत झाली. तेंहि न्यूकॅसलहून कार्लाइलपर्यंत गाडीवर, व पुढें जलमार्गानें लिव्हरपूलला गेलें. २७ सप्टेंबर १८२५ रोजीं शिल्डनहून निघालेली पहिली गाडी ‘लोकोमोशन’नें डार्लिंग्टनवरून स्टॉकटनला ओढून नेली. १८२८ सालीं त्याचा बॉयलर फुटला, हांकणारा जॉन क्री प्राणास मुकला, व इंजिनाची पुन्हां बांधणी करावी लागली. मूळचीं एकसंध ओतीव चाकें जाऊन हॅकवर्थच्या पद्धतीचीं दोन भागांत ओतलेलीं चाकें आलीं. १८४१ त रुळांवरील नोकरी संपली. मग खाणींतील पाणी उपसण्याच्या कामावर तें लागलें. आणि १८५७ सालीं तेथून सोडवून, डागडुजी करून, डार्लिंग्टन येथें जपून ठेवण्यांत आलें. १८९२ पासून १९७५ पर्यंत, युद्धकाळाचा अपवाद वगळतां, तें त्याच गांवच्या बँक टॉप स्थानकांत उभें होतें.

मध्यंतरीं १९२५ सालीं रेल्वेची शताब्दी झाली. त्या मिरवणुकींत हें इंजिन सर्वांपुढें चाललें, धुराड्यांतून धूरहि निघाला. प्रेक्षक धन्य झाले. वस्तुतः मागच्या कोळशाच्या गाडींत पेट्रोलवर चालणारें यंत्र दडविलें होतें, आणि धूर होता तेलकट चिंध्या जाळल्याचा. बखरकारानें ऐकीव गोष्टीस पदरचें तिखटमीठ लावावें तसेंच हें झालें; फरक इतकाच कीं, बखरींतील तिखटमीठ शोधून काढण्यास आपल्याकडे माणसें बसलेलीं असतात.

आतां या वर्षांची बेरीज-वजाबाकी करून पाहा. रुळांवर इंजिन म्हणून त्याचें आयुष्य १८२५ ते १८४१, म्हणजे सोळा वर्षें. दाखविण्याची वस्तु म्हणून १८५७ ते २०२१, म्हणजे एकशें चौसष्ट वर्षें. जें दहापट काळ संग्रहाची वस्तु राहिलें, त्याचा संग्रहांतील काळ हा इतिहासाबाहेरचा काळ समजून कसें चालेल? १८५७ सालीं ज्या कारागिरांनीं तें नीटनेटकें केलें त्यांनीं काय घातलें व काय काढलें, प्रत्येक वेळीं उचलतांना कोणता सुटा भाग निघाला व त्याच्या जागीं कोणता बसला, हें सर्व त्या लोखंडावर लिहिलेलें आहे. शुद्ध मूळ प्रत अशी येथें नाहींच; अनेक हातांनीं लिहिलेली, दुरुस्त केलेली, समासांत टिपा भरलेली अशी ही एकच प्रत आहे. ती वाचावयाची ती सर्व हातांसकट.

रस्त्यानें इंजिन हलविणें म्हणजे काय, हें येथें जरा विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण पुरावा हरवतो तो याच कामांत. जुनें इंजिन स्वतःच्या चाकांवर रुळांवरून नेतां येत नाहीं. त्याचे आंस, चाकें, गतिरोधक हे आजच्या नियमांस उतरत नाहींत. पुष्कळदां त्याच्या मापाचा रूळच उरलेला नसतो. म्हणून प्रथम कोळशाची गाडी व इंजिन वेगळीं करतात. वाटेंतील पूल व तारा यांच्या उंचीचा हिशेब करून धुराडें जास्त वर येत असेल तर तें उतरवितात. चाकें फिरवावयाचीं असल्यास दट्ट्याचा दांडा व चाकें यांस जोडणारे दांडे सोडवितात. मग एक तर खालीं पट्टे घालून यारीनें उचलतात, किंवा बुटक्या, अनेक चाकांच्या गाडीवर रुळांचे तुकडे बसवून उतरणीवरून तारेनें हळूहळू वर ओढतात. चाकांस पाचरी, चौकटीस साखळ्या, आणि मग रहदारी कमी असेल अशा वेळीं सावकाश प्रवास. ज्या इंजिनांच्या बॉयलरवर उष्णता राखण्यासाठीं अ‍ॅस्बेस्टॉसचें वेष्टण असतें, त्यांचें तें वेष्टण आधीं काढावें लागतें, कारण त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे.

यांतील प्रत्येक पायरीवर कांहींतरी उघडें पडतें. वेष्टण निघालें कीं बॉयलरचे पत्रे, रिव्हिटांच्या रांगा, बुजविलेलीं भोकें, ठिगळें दिसूं लागतात. दांडे सुटले कीं त्यांच्या आंतल्या बाजूस ठोकलेले आंकडे दिसतात. दुसऱ्या इंजिनाचा भाग यास लावला आहे काय, हें अशा आंकड्यांवरून कळतें. तळ उचलला गेला कीं जी बाजू पिढ्यान् पिढ्या कोणीं पाहिली नाहीं ती डोळ्यांसमोर येते. आणि हें सर्व दिसतें किती वेळ? यारीचें भाडें तासावर चालू असतें, रस्ता थोड्या वेळापुरता मोकळा करून मिळालेला असतो, मुक्कामीं पाहुणे येऊन थांबलेले असतात. काम करणारे आपल्या कामांत वाकबगार असतात, त्यांना दोष नाहीं. त्यांच्या शेजारीं वही व फीत घेऊन उभा राहणारा मनुष्य बहुधा नसतो, हा दोष आहे. नव्या जागीं गेल्यावर भोकें लांबीनें भरतात, वर रंगाचा जाड हात बसतो, आणि पूर्वींच्या रंगांचे जे थर कालक्रम सांगूं शकले असते ते खरवडून टाकिलेले असतात. जुन्या पोथीचीं पानें कडेस नीट दिसावीं म्हणून बांधणाऱ्यानें समास कापले आणि त्याबरोबर समासांतल्या टिपाहि कापल्या, असें आपल्यांपैकीं कोणीं पाहिलें नाहीं?

यावरून जुनीं इंजिनें हलवूंच नयेत असा कोणी अर्थ काढील, तर तो आमचा नव्हे. उलट हलविणें ही वाचनाची संधि आहे. ‘रॉकेट’ १८६२ पासून लंडनच्या संग्रहांत होतें. लाखों लोकांनीं पाहिलें. परंतु मायकेल बेली व जॉन ग्लिथेरो यांनीं तें सुटें करून, भागन् भाग मोजून जो अभ्यास केला व २००० सालीं प्रसिद्ध केला, त्यामुळें १८२९ च्या रॉकेटपासून आजचें रॉकेट कोणकोणत्या पायऱ्यांनीं दूर गेलें तें क्रमवार सांगतां येऊं लागलें. मुळांत तीव्र उतारानें बसविलेले सिलिंडर पुढें जवळजवळ आडवे करण्यांत आले, ही त्यांतील सर्वांत ठळक पायरी. याहून बोलकें उदाहरण ‘किलिंगवर्थ बिली’चें. हें इंजिन १८८१ पासून न्यूकॅसल शहराजवळ आहे, व तें १८२६ चें अशी समजूत होती. बेली व पीटर डेव्हिडसन यांनीं अंगप्रत्यंगांची तपासणी केल्यावर २०१८ सालीं निर्णय जाहीर झाला कीं, तें १८१६ चें आहे. दहा वर्षांचा फरक! आणि तो एखाद्या नव्या कागदावरून कळला नाहीं, समोर उभ्या असलेल्या वस्तूवरूनच कळला.

याच कसोटीवर डार्लिंग्टनचा दावा घासून पाहूं. स्थानाचा हक्क आम्ही हलका मानीत नाहीं. कोणती वस्तु कोठें सांपडली व कोठें राहिली ही माहिती वस्तूचाच भाग असते. डार्लिंग्टनला तें १८५७ पासून होतें हें खरें, आणि त्यांतच त्या गांवाच्या दाव्याचें सगळें बळ आहे. परंतु नगराभिमान्यांनीं त्याऐवजीं रेल्वेच्या जन्माचा हवाला दिला, व तेथें त्यांची बाजू लंगडी पडते. इंजिन घडलें न्यूकॅसलला, रुळांवर चढलें एक्लिफ लेनला, पहिली गाडी घेऊन निघालें शिल्डनहून. जन्माच्या न्यायानें पाहतां डार्लिंग्टन हें वाटेवरचें गांव. उलट संग्रहालयानें केवळ मालकीच्या कागदावर बोट ठेविलें, आणि दीडशें वर्षांच्या सहवासानें त्या लोखंडास जो एक नवा इतिहास चिकटला त्याची किंमत कमी केली. तडजोडीमुळें आतां इंजिनास वारंवार ये-जा करावी लागणार. दोन्ही गांवें संतुष्ट झालीं. प्रत्येक फेरीस उचलणें, बांधणें, उतरविणें आलें, याचा विचार तडजोड करणाऱ्यांनीं कितपत केला असेल याची आम्हांस शंका आहे.

आपल्याकडील स्थिति याहून वाईट आहे हें कबूल केलें पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी साहिब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांनीं ओढली. त्यांतील एकहि आज कोणत्याहि संग्रहालयांत नाहीं. १८५५ त लीड्स येथें घडलेलें ‘फेअरी क्वीन’ वांचलें. १९०९ त तें कामावरून निघालें, हावडा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभें राहिलें, १९४३ त चंदौसीच्या रेल्वे-शाळेंत गेलें, तेथून दिल्लीच्या संग्रहालयांत, १९९७ त पुन्हां गाडी ओढूं लागलें. पुढें त्याचे भाग चोरीस गेल्यामुळें पेरांबूरच्या कारखान्यांत नवे घालावे लागले. जगांतील सर्वांत जुनें चालतें इंजिन म्हणून आपण त्याचा गौरव करितों. त्यांतील कितवा हिस्सा १८५५ चा, हें सांगणारा तक्ता त्याच्याजवळ टांगला पाहिजे, गौरवास त्यानें कांहीं उणेपणा येणार नाहीं. अरुंद मापाच्या मार्गांची तर गोष्टच निराळी. १८९७ सालीं सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेसारखा मार्ग रुंद झाला, कीं त्यावरचें जुनें इंजिन प्रदर्शनाच्या जागीं नेण्यास रस्त्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. स्थानकांपुढें व कचेऱ्यांपुढें लाल-काळ्या रंगांत झगमगणारीं अशीं इंजिनें आपण पाहतों. पुष्कळांवरची कारखान्याची पितळी पाटी नाहींशी झालेली असते, आणि नव्या पाटीवर इंजिनाच्या जन्मसालापेक्षां उद्घाटन करणाऱ्याचें नांव मोठ्या अक्षरांत असतें.

परंतु लोकांस दोष देण्यापूर्वीं आपल्या घरांत पाहावें. राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपला पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हां त्यांतील पत्रें वाईस मिळालीं हें वाचकांस कळूं दिलें. त्यामुळें त्या पत्रांची पारख आजहि करितां येते. त्यांच्या मागून गांवोगांवच्या वाड्यांतून जे रुमाल उचलले गेले, त्यांतील किती रुमालांची मूळची बांधणी, गांठीवरची चिठ्ठी, आणि कागदांचा क्रम आपण टिपून ठेविला? ओळखीच्या कागदांचे निराळे गठ्ठे केले, बाकीचे ‘किरकोळ’ या सदरांत घातले, आणि कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं होता हें कायमचें पुसून टाकिलें. आम्हीं स्वतः हें केलें आहे.

म्हणून आमची सूचना लहान आहे. महाराष्ट्रांत ज्या ज्या ठिकाणीं जुनें इंजिन चौथऱ्यावर बसविलें आहे, त्याचें स्थलांतर-टिपण तयार व्हावें: तें कोठून उचललें, कोणत्या दिवशीं, काय काय सोडविलें, काय परत बसलें, काय बसलें नाहीं, आणि रंग देण्यापूर्वीं दांड्यांवर व चौकटीवर कोणते आंकडे दिसत होते. ज्या वाचकांच्या संग्रहीं अशा प्रसंगाचीं छायाचित्रें, ठेकेदारांचीं बिलें, किंवा कारखान्याची पितळी पाटी असेल, त्यांनीं त्यांची नक्कल मंडळाकडे पाठवावी. पाटी कशी मिळाली हें आम्ही विचारणार नाहीं. तिच्यावरील क्रमांक तेवढा शुद्ध उतरून घ्यावा.