'उपरा' आणि 'उचल्या' : रोजगार व ओळखीचा प्रश्न

भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची मराठीतील समीक्षा मुख्यतः दारिद्र्य, जातपंचायत आणि गुन्हेगारीचा शिक्का या अंगांनी झाली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) व लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या दोन्ही कृतींना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यांतील रोजगाराचा प्रश्न मात्र दुय्यमच राहिला.

'उपरा'तील कैकाडी कुटुंब फोकांच्या टोपल्या व कणग्या विणते, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडते. त्याच्या मालाला गावात गिऱ्हाईक आहे. माणसांना जागा नाही. कौशल्याअभावी हे समाज मागे राहिले, हे नेहमीचे स्पष्टीकरण येथे लागूच पडत नाही. 'उचल्या'तील वास्तव अधिक कठोर आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले. १९५२ मध्ये कायदा गेला, पण गावाच्या मनातील संशय गेला नाही. निवेदक लातूरच्या सूतगिरणीत लागतो, कामगार चळवळीत शिरतो. मजुरी मिळणे आणि समाजाने स्वीकारणे या दोन भिन्न घटना आहेत, हे येथे स्पष्ट होते. उत्तरार्ध कार्यकर्त्याच्या अहवालाकडे झुकतो, हा आक्षेप वाङ्मयीन दृष्ट्या मान्य करावा लागेल. तथापि आपल्या प्रश्नासाठी तोच भाग मोलाचा आहे.

नरखेड तालुक्यात बसून ही पुस्तके वाचताना संत्र्याचे बगीचे डोळ्यांपुढे येतात. येथे बहार पुष्कळदा झाडावरच व्यापाऱ्याला विकला जातो आणि तोडणीची माणसे तो आपल्या ओळखीतून आणतो. अर्ज नाही, मुलाखत नाही. ओळख हीच पात्रता. ज्या समाजाची ओळखच संशयित, तो अशा बाजारात शिरण्याआधीच बाद होतो आणि त्या नकाराची नोंद कोणत्याही कागदावर उरत नाही.

कागदाची कथाही विलक्षण आहे. 'उपरा'तील कैकाडी सातारा जिल्ह्यात विमुक्त जातींत मोडतो. तोच नागपूर जिल्ह्यात अनुसूचित जातींत गणला जातो. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडची सीमा पुसली गेली, यादीत मात्र ती शिल्लक आहे. भटकणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांचे हक्क जिल्ह्याला बांधलेले! हा भेद केवळ आरक्षणाच्या टक्केवारीचा नाही. अनुसूचित जातींना १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे. ज्यांच्यावर चोरीचा आळ सर्वप्रथम येतो, त्या विमुक्त जातींना ते नाही.